कंबरदुखीवर चष्मा लावा म्हणे! आणि केळीचा घड कोण उचलणार?

घडवाला_रावेर:
काल इथं 'पुण्यातला जळगावकर' यांनी लिहिलं की जुनाट दुखणं शेवटी मेंदूतच असतं, अमेरिकेत आता डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा (आत चहूकडे खोटी दुनिया दिसते तो) चढवून ते कमी करतात, आणि खान्देशातली माणसं मात्र अजून इंजेक्शनं आणि मालिशवाल्यांच्या मागं पळतात. खाली लाइकच्या अंगठ्यांची रास. रात्रीच उत्तर लिहिलं होतं, पण त्यात शिव्या जास्त झाल्या म्हणून खोडलं. आता जरा शांत डोक्यानं लिहितो.

आमच्याकडे केळी कापायला टोळी येते. एक जण घड उतरवतो, बाकीचे तो डोक्या-खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणतात. वीस-पंचवीस किलोचा घड म्हणजे काही विशेष नाही. पायाखाली चिखल आणि ठिबकच्या नळ्या. दिवसभर हेच. चाळिशीच्या आत माना आणि कंबरा कामातून जातात. माझा चुलतभाऊ त्यातलाच, आता त्याला सकाळी मोरीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागते. त्याला सांगू का, भो, तुझं दुखणं मेंदूत आहे, हा घे चष्मा?

फिलिपिन्स, इक्वेडोरमध्ये बागेतून तार टाकलेली असते. घड तारेला लटकवायचा आणि ओढत पॅकहाउसला न्यायचा. खर्चच करायचा तर त्याच्यावर करा. ओझं तेवढंच ठेवायचं आणि उपचार डोळ्यांना, हे मला पटत नाही. शिवाय ज्या अभ्यासाचा एवढा गाजावाजा आहे, तो चष्मा बनवणाऱ्या कंपनीच्याच पैशानं झालेला आहे.

पुण्यातला_जळगावकर:
पुण्यात राहतो म्हणून जळगावच्या कंबरेवर बोलायचा हक्क गेला का माझा? दुखणं मेंदूत असतं म्हणजे माणूस नाटकी, असं मी म्हटलेलं नाही. आकडे वाचा, मग रागवा. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं नोव्हेंबर २०२१ मध्ये ईझव्हीआरएक्स या व्हीआर चष्म्याच्या उपचाराला परवानगी दिली, तीही फक्त जुनाट कंबरदुखीसाठी, प्रौढांना, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि बाकीच्या उपचारांच्या जोडीला. १७९ जणांवर चाचणी झाली. ८ आठवडे, ५६ सत्रं, एकेक सत्र २ ते १६ मिनिटांचं. ज्यांना खरा कार्यक्रम दिला त्यातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त उतरलं. दुसऱ्या गटात ४१ टक्के. कंपनीच्या पैशाचं म्हणाल, तर तुम्ही गिळता त्या गोळ्यांच्या चाचण्या काय ग्रामपंचायतीनं केल्या होत्या?

घडवाला_रावेर:
दुसऱ्या गटाला काय दिलं होतं तेही सांगा ना. तोच चष्मा आणि आत साधे सपाट निसर्गाचे व्हिडिओ. म्हणजे नुसती झाडं-पाखरं बघून ४१ टक्क्यांना बरं वाटलं! उरला २५ टक्क्यांचा फरक. बरं, शून्य नाही, एवढं लिहून घ्या माझ्याकडून. पण ही माणसं घरी बसून कुरिअरनं आलेला चष्मा लावत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत घड वाहायला किती जण जात होते?

फिजिओताई_धुळे:
घडवालेभाऊ, तार टाका, मी स्वतः नारळ फोडायला येते. पण ज्याचं दुखणं सुरू होऊन वर्षं झाली, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं तरी ते थांबत नाही, हे मी रोज बघते. मज्जासंस्थेला दुखण्याची सवय लागते. जखम भरते, पण आतली धोक्याची घंटा वाजतच राहते. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की दुखण्याचा संदेश वर जाताना वाटेत कमी-जास्त होतो. यात नवं काही नाही, नाटकही नाही.

आणि जळगावकर, तुम्हीही सरमिसळ केली आहे. अमेरिकेत सिएटलला हॉफमन आणि पॅटरसन या संशोधकांनी १९९६ मध्ये दुखण्यावर व्हीआर वापरायला सुरुवात केली आणि पुढं 'स्नोवर्ल्ड' हा व्हीआर खेळ आणला, तो भाजलेल्या पेशंटसाठी. ड्रेसिंग चालू असताना पेशंट बर्फाच्या दरीतून जातो आणि बर्फाचे गोळे फेकतो. तिथं तेवढ्यापुरतं लक्ष दुसरीकडे नेणं हेच काम. जुनाट दुखण्यात तेवढ्यानं भागत नाही, कारण चष्मा काढला की माणूस परत त्याच कंबरेचा. म्हणून त्या ८ आठवड्यांत श्वास, स्नायू सैल सोडणं, दुखायला लागलं की घाबरून अंथरूण न धरणं, हे शिकवतात. हेच सगळं मी फुकट शिकवते. व्यायामाचा कागद देते. तो फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवतात आणि महिन्यानं येऊन म्हणतात, ताई, फरक नाही.

गिरणाकाठ:
चष्म्यावर काय भांडताय? आधी पुड्या बंद करा. आमच्या तालुक्यात बाजाराच्या दिवशी एक जण बसतो. कंबर, गुडघे, मान, सगळ्याला एकच पांढरी पुडी. वडील दोन घेऊन आले आणि तिसऱ्या दिवशी जिना चढले. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. वर्षभरात चेहरा गोल झाला, लोक म्हणायचे आबा तब्येतीनं सुधारले. मग शुगर निघाली, आणि मोरीत नुसते टेकले तर मणक्याला फ्रॅक्चर. डॉक्टरांनी विचारलं, स्टेरॉइड कधीपासून घेता? आबा म्हणाले, मी तर आयुर्वेदिक घेतो.

शिरपूरना_भाऊ:
मन्ही माय त्याच पुडीवर दोन वरीसपासून शेतात जास. तुमना चष्मा लाईसन कोनी निंदाले जाई का? ज्याले गुन येस त्याले येऊ द्या.

फिजिओताई_धुळे:
गुण येतोच! स्टेरॉइडनं कुणालाही गुण येतो, तोच तर घोटाळा आहे. हाडं पोकळ होतात, साखर वाढते, अंगात तयार होणारं स्वतःचं स्टेरॉइड झोपी जातं. आणि इथं वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगते, पुडी घरात सापडली तर झटक्यात बंद करू नका, त्यानंही माणूस कोसळतो. पुडी घेऊन एमडी डॉक्टरकडे जा, ते हळूहळू उतरवतील.

शिरपूरना_भाऊ:
ताई, तुम्ही शिकेल शेतस, मान्य. पन तुमनी फी कोन दी? पुडी पन्नास रुप्याले मियस.

गिरणाकाठ:
भाऊ, आबांच्या मणक्याला किती लागले ते विचार. पन्नासची पुडी म्हणे! अशा माणसांमुळेच तो बाजारात छत्री लावून बसलाय.

शिरपूरना_भाऊ:
तुना बाप तुले संभायता उना नही ते मी काय करू?

वाघूर_वारा:
बापावर जाऊ नका रे कुणी. आणि पुडीवरच का, मेडिकलवरून विनाचिठ्ठी मिळणारी गोळीही बघा. जनावरांना डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध द्यायला २००६ पासून बंदी आहे, कारण मेलेलं जनावर खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मरत होती. गिधाडांसाठी सरकार जागं झालं. आमच्या गल्लीतल्या काकू तीच गोळी चहाबरोबर घेतात.

पुण्यातला_जळगावकर:
विषय व्हीआरचा होता. आता गिधाडांवर आलो.

मधली_सून_अमळनेर:
मी इथं फक्त वाचते, पण आज लिहिते. मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर जुनाट दुखणं, पण तपासणीत काही दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ, एमआरआय स्वच्छ. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला की घरात माझी इज्जत एक पायरी खाली. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी माझा खांदा उचलत नव्हता, तर जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिचं दुखणं कामाचा मुहूर्त बघून येतं.

घडवालेभाऊ, तुमच्या चुलतभावाचं दुखणं खरं, कारण लोकांना घड दिसतो. माझ्याकडे दाखवायला घड नाही. 'मेंदूत कसलं दुखणं, कंबरेत आहे' असं तुम्ही ठणकावून सांगता, तेव्हा माझ्यासारखीला परत खोटारडी ठरवता. आणि जळगावकर, तुमची पोस्ट मी घरात दाखवली नाही. दाखवली असती तर सासूबाई म्हणाल्या असत्या, बघ, मी हेच म्हणत होते, सगळं हिच्या डोक्यात आहे. मेंदूत आहे एवढं लिहून सोडून देता, पुढची दोन वाक्यं कोण लिहिणार?

चष्म्याचं सांगते. भाच्याकडे गेमचा आहे. एकदा घातला, समुद्राखालचे मासे होते. आत असताना खांद्याची आठवण झाली नाही, हे खरं. काढल्यावर चहा उकळेपर्यंत सगळं परत जागेवर. पण तेवढा वेळ मला गेल्या कित्येक महिन्यांत कुणी दिला नव्हता. टोळीला नको असेल तर माझ्याकडे पाठवा.

भुसावळ_निवृत्त_लोको:
ताई, तुमचं वाचून बोलावंसं वाटलं. जन्म इंजिनात गेला, हादऱ्यांनी मणके झिजले. नातीनं मलाही तो डबा लावून दिला. रोलर कोस्टर! दोन मिनिटांत ओकारी आली, खुर्चीवरून पडता पडता वाचलो, म्हणजे आहे त्या कंबरेत भर. त्या चाचणीतही दहातल्या एकाला मळमळलं आणि पाचातल्या एकाला चष्माच नकोसा झाला, हे कुणी सांगत नाही. आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला तोंडावर ते पट्टे बांधून बसायचं, वीज गेलेली. अमेरिकेत भुसावळ नाही ना.

फिजिओताई_धुळे:
काका, रोलर कोस्टर हा उपचार नाही, गेम आहे. उपचारात बसल्या जागी हळू चालणारं दृश्य असतं. उकाड्याचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आणि आतला आवाज इंग्रजीत 'रिलॅक्स' म्हणत असेल तर आमच्या साक्रीच्या आजी जास्तच ताठ होतील, हेही आहे.

घडवाला_रावेर:
अमळनेरच्या ताई, तुमच्यासाठी मी लिहिलं नव्हतं. पण लागलं असेल तर तेवढं वाक्य मागं घेतो, बाकीचं एकही नाही. तुम्हाला चष्मा मिळावा. आमच्या टोळीला आधी तार मिळावी. आणि जळगावकरांनी पोस्टमधून 'मालिशवाल्यांच्या मागं पळतात' गुपचूप काढलंय. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

पुण्यातला_जळगावकर:
गुपचूप नाही, सुधारणा म्हणतात तिला. तारेचा खर्च काढा एकदा, बघू तुमच्यापैकी किती बागायतदार मजुरांसाठी खिशात हात घालतात.

घडवाला_रावेर:
भाव पडले की आम्हीच मातीत जातो, तेव्हा कुठं असता? त्यावर लिहा ना एक पोस्ट. यावर वेगळा धागा काढतो, पळू नका.

शिरपूरना_भाऊ:
ताई, मायनी शुगर तपासाले तिले उपाशीपोटी आनानी का जेवण करीसन? पुडी बी संगे लयस. मी तुमनं आयकं असं मात्र समजानं नही.