तालुक्याच्या गावी नगरपरिषदेने काय बांधावं: बंदिस्त हॉल की मातीचं मैदान?

तांबडी माती:
क्रीडा आरक्षणाची जागा ताब्यात आली की पहिला नकाशा हॉलचाच निघतो. माझा याला विरोध आहे. आधी मैदान करा. खो-खोला 27 × 16 मीटर, पुरुषांच्या कबड्डीला 13 × 10. भोवती चार-चार मीटर मोकळे सोडले तरी दोन्ही पंधरा गुंठ्यांत बसतात. काळी माती असेल तर निदान अर्धा मीटर खोदून काढा. मुरूम पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून रोलरने दाबा, वर चाळलेली लाल माती. मधून कडेला शंभराला एक उतार, कडेने गटार. मुरमातले मोठे दगड वेचले नाहीत तर पावसाळ्यानंतर ते वर येतात आणि खांबाजवळ सूर मारणाऱ्या पोरांचे गुडघे सोलून निघतात.

ट्रस आणि पत्रा:
उताराचं पटलं, बाकी नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात, तेव्हा तुमच्या मैदानात चिखल. मोठ्या स्पर्धांत कबड्डी मॅटवर असते. मातीत घडलेल्या पोराचा पाय मॅटवर बूट घालून वेगळा पडतो. हॉल फसतात ते उंचीत पैसे वाचवल्यामुळे. बॅडमिंटन कोर्टावर ट्रसच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, खालच्या पाइपापर्यंत नऊ मीटर तरी मोकळे हवेत. अंदाजपत्रक बसवायला ते सहावर आणतात, मग उंच मारलेलं शटल ट्रसला लागतं. आणि दिवे कोर्टाच्या डोक्यावर नकोत, दोन कोर्टांमधल्या पट्ट्यावर लावा. वर बघताना डोळे दिपायला नकोत.

तांबडी माती:
उंची दिलीत, वीजबिल कोण भरणार? अंदाजपत्रकात बांधकाम असतं, रखवालदाराचा पगार नसतो. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत, संपला की गळका पत्रा नगरपरिषदेच्या गळ्यात. मग हॉल लग्नाला भाड्याने जातो आणि लोखंडी खुर्च्या फ्लोअरिंगवरून ओढल्या जातात. मैदानाला पाणी, रोलर आणि पावसाळ्यानंतर मातीचा एक हात पुरतो. गावातलाच माणूस ते करतो.

शिट्टी:
दोघांनीही मुलींचा विचार सोडला. नकाशात स्वच्छतागृह मागच्या कोपऱ्यात, अंधारात असतं. ते प्रवेशाजवळ घ्या, दारासमोर आडभिंत, वर स्वतंत्र टाकी, आणि पहिल्याच निविदेत धरा. ‘दुसऱ्या टप्प्यात’ ठेवलेलं कागदावरच राहतं.

ट्रस आणि पत्रा:
शिट्टी, शंभर टक्के मान्य. लग्नांचं म्हणाल तर सर्वसाधारण सभेत वापराचा ठराव हॉल उघडण्याआधीच घ्यावा. पण फ्लोअरिंगचा खरा शत्रू खुर्ची नाही, ओल आहे. काँक्रीटखाली प्लास्टिकचा कागद अंथरला नाही की जमिनीची ओल वर चढते, फळ्या कडेला उचलतात. म्हणून लाकूड लावण्यापूर्वी अभियंत्याने स्लॅबवर दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून सोळा तास ठेवावं. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं, तर ठेकेदाराला फळ्या उतरवूच देऊ नयेत.

तांबडी माती:
ही चाचणी निविदेच्या अटींत लिहून घेतलीत तर हॉलला माझा विरोध निम्मा होईल. उरलेला निम्मा वीजबिलाचा.