मदत हवी आहे : फ्रिज खरंच किती वीज खातो, कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी, मी नेरुळला राहते. बिल वाढलंय आणि बाबा जुना फ्रिज काढून टाकायचा म्हणतायत. चालू वस्तू अशी अंदाजाने टाकून देणं मला पटत नाही, आधी मोजायचंय. गिझरचा हिशोब सोपा आहे: २००० वॅटचा अर्धा तास चालला की १ युनिट. फ्रिजचा कॉम्प्रेसर मात्र सारखा चालू-बंद होतो, म्हणून निदान २४ तासांची नोंद हवी. साधा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा) नुसते अँपिअर दाखवतो, पॉवर फॅक्टर (त्या प्रवाहातला किती भाग खरोखर वीज म्हणून खर्च होतो ते) धरत नाही, म्हणून त्यावरून युनिट नीट कळत नाहीत. प्लगमध्ये लावायचा, युनिट साठवणारा मीटर कोणी वापरलाय का? १६ अँपिअरचा असेल तर एसीही मोजता येईल. वाशीत किंवा ठाणे स्टेशनजवळ कुठे मिळेल? चार दिवस कोणी उसना दिला तर फारच बरं.