बहुभाषिक वर्गासाठी शिक्षकांना नेमके कोणते साहाय्य द्यावे?

प्रश्न – मुख्याध्यापिका, फोंडा तालुका, गोवा
आमच्या मराठी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग एकत्र बसतो. काही मुले घरी कोंकणी बोलतात. इतरांचे पालक औद्योगिक वसाहतीत काम करतात आणि कर्नाटक, उत्तर प्रदेश किंवा ओडिशातून आलेले आहेत. नव्या शिक्षिका मन लावून शिकवतात; परंतु गप्प बसणाऱ्या मुलाला विषय समजलेला नाही की भाषा, हे त्यांना ठरवता येत नाही. एका दिवसाच्या प्रशिक्षणाने विशेष फरक पडला नाही. मी त्यांना कशी मदत करावी?

उत्तर – निवृत्त शिक्षक, सत्तरी
प्रवेशाच्या नोंदीवर विसंबू नका. कर्नाटकातून आलेल्या मुलाची मातृभाषा कन्नड, असे आपण सहज लिहून टाकतो. प्रत्यक्षात अनेक घरांत लमाणी (बंजारा समाजाची बोली) बोलली जाते आणि कन्नड ही त्या मुलाची दुसरी भाषा असते. घरी आजीशी, भावंडांशी कोणत्या भाषेत बोलणे होते, हे शिक्षिकेने पालकांनाच विचारावे. विषयाची समज पाहायची असेल, तर चिंचोके देऊन बेरीज-वजाबाकी न बोलता करून घ्यावी. कोंकणीतून आलेले बरोबर उत्तर बरोबरच धरावे. मराठी वाक्य नंतर सर्वांकडून म्हणून घेता येते.

उत्तर – शिक्षिका, केपे
वरील सूचना योग्य आहेत, पण वेगळेपण केवळ बाहेरून येते असे नाही. आमच्याकडील गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातींचा दर्जा आहे. ती मुले इथलीच, तरी पाठातले घर त्यांना परके वाटू शकते. चवथ (गणेश चतुर्थी), नाताळ आणि ईदच्या दिवशी वेशभूषा केली की काम झाले, असे मानणे मला पटत नाही (छायाचित्रे मात्र सुरेख येतात). परिसर अभ्यासात शेत, स्वयंपाक, धालो (स्त्रियांचे लोकनृत्य) यांविषयी मुलांना सांगू द्यावे. मात्र एखाद्या मुलाला त्याच्या समाजाचा प्रवक्ता करून उभे करू नये.

उत्तर – शिक्षक, वास्को
शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये व्यवहार्य असेल तिथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. एका शिक्षिकेला पाच भाषा येणार नाहीत, म्हणून मोठ्या मुलाकडून दुभाष्याचे काम करून घेतले जाते. ते रोजचे झाले तर त्याचाच अभ्यास बुडतो. त्याऐवजी आठवड्यातून एक तास आपण स्वतः वर्गात मागे बसावे, एकाच मुलाकडे लक्ष द्यावे आणि त्याच दिवशी शिक्षिकेशी त्याविषयी बोलावे. पालकसभेची वेळ कारखान्याच्या पाळ्या पाहून ठरवावी. रोजंदारी बुडवून जो बाप येऊ शकला नाही, त्याच्या नावापुढे ‘उदासीन’ असा शेरा मारू नये.