शब्दचर्चा : 'डिव्होशनल'ला मराठीत काय म्हणावं?

निळी शाई
आमच्याकडे महिन्यातून एकदा दहाबारा जण जमतात, बहाई धर्मातल्या प्रार्थना वाचतात, मग चहा. सगळे त्याला 'डिव्होशनल' म्हणतात. "गुरुवारी डिव्होशनल आहे, येताना खारी आण." या वेळी सोसायटीतल्या शेजाऱ्यांनाही बोलवायचं होतं, म्हणून शुद्ध मराठीत निमंत्रण टाकलं : 'आमच्या घरी प्रार्थनासभा, सायंकाळी साडेसहा.' पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. "अगं, कोण गेलं?"

निधनवार्तांनी हा शब्द कधीच पळवलाय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दुसरा सुचवा. 'भक्तिसभा' नको. सभा म्हटलं की मला इतिवृत्त आठवतं.

जातं
सरळ 'भजन' म्हणा की.

निळी शाई
भजनात सगळे मिळून गातात. आमच्यात एक जण वाचतो किंवा गातो, बाकीचे ऐकतात. पुरोहित नाही, आणि इमामामागे उभं राहून करायची सामुदायिक नमाज आमच्या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह यांनी किताब-ए-अकदस या नियमांच्या ग्रंथात रद्दच केली. अपवाद एकच, मृतासाठीच्या प्रार्थनेचा.

जातं
म्हणजे काकूंचं फारसं चुकलं नाही!

मोडीवाचक
इराणी मंडळी या प्रार्थनांना 'मुनाजात' म्हणतात ना? तो शब्द सोडून 'प्रार्थना'कडे का वळलात? प्रार्थना म्हणजे मुळात मागणं. मुनाजातच्या अरबी धातूत कानात कुजबुजणं आहे, दोघांतच राहावं असं बोलणं. त्याला मराठीत तयार शब्द आहे : गुज. 'गुह्य'वरून आलेला. ज्ञानेश्वरीत कृष्ण अर्जुनाला गुज सांगतो. इथे फक्त दिशा उलटी, माणूस देवाला सांगतोय. 'हितगुज' म्हणून पाहा.

निळी शाई
अहाहा. पण हितगुज म्हटल्यावर महिला मंडळ डोळ्यांपुढे येतं, त्याचं काय?

टेबललँड
मी पाचगणीत वाढलो. तिथे बहाई मंडळींची न्यू एरा शाळा १९४५ पासून आहे, त्यामुळे हे शब्द कानावरून गेलेले. मुनाजातइतकाच दुसरा महत्त्वाचा शब्द 'झिक्र'. बहाई उपासनागृहाचं मूळ नाव मश्रिकुल-अझकार. अझकार हे झिक्रचं अनेकवचन, म्हणजे स्मरणं. मश्रिक म्हणजे सूर्य उगवतो ती जागा. आमच्याकडे गावात पूर्वेला 'उगवत' म्हणतात, पश्चिमेला 'मावळत'. तेव्हा 'स्मरणाची उगवत'! दिल्लीतल्या अशाच गृहाचं, कमळमंदिराचं, १९८६ मध्ये लोकार्पण झालं. सत्तावीस पाकळ्या मोजून लोक बाहेर येतात आणि म्हणतात, "आत काहीच नाही हो." मूर्ती नाही, प्रवचन नाही, हे खरं. पण नावातच सांगितलंय आत काय आहे ते. पहिलं असं गृह तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबादला. १९०२ मध्ये काम सुरू झालं, पुढे सोव्हिएत सरकारने ताब्यात घेतलं, १९४८ च्या भूकंपात तडे गेले, १९६३ मध्ये पाडलं.

मोडीवाचक
झिक्र मराठीत कधीचा येऊन बसलाय. 'जिकिरीचं काम' म्हणतो ना आपण? जिकीर हा झिक्रच. माझा अंदाज असा : तेच ते पुन्हा पुन्हा बोलणं, मग तगादा, मग डोकेदुखी. देवाच्या नावाचा शब्द आपण पार वैतागापर्यंत आणून सोडलाय.

निळी शाई
हे वाचून जरा थांबले. रोज हात-तोंड धुऊन, बसून, ९५ वेळा 'अल्लाह-उ-अभा' (देव सर्वांत तेजस्वी) म्हणायचं, असं अकदसमध्ये आहे. डिसेंबर १९९९ च्या पत्रात विश्व न्याय मंदिराने, म्हणजे बहाईंच्या सर्वोच्च मंडळाने, ते जगभरच्या सगळ्या बहाईंना लागू केलं. माझ्याकडे १९ मण्यांची माळ आहे, पाच फेरे. आजीच्या १०८ च्या माळेशेजारी ती लहान मुलाची वाटते. आणि खरं सांगते, कितीतरी दिवस ती माझ्या हातात जिकीरच असते. तिसऱ्या फेऱ्यात कुकरच्या शिट्ट्या मोजते मी.

जातं
मग 'नामस्मरण' म्हणा. झिक्र, जप, सगळं त्यात आलं.

टेबललँड
अर्थ बसतो, पण त्याने मूळची माती झाकली जाते. बहाउल्लाह १८५४ ते १८५६ इराकमधल्या सुलेमानियाच्या डोंगरांत दरवेशाच्या वेशात राहिले. बगदादला परतल्यावर एका सूफी काझीच्या प्रश्नांना उत्तर म्हणून 'सात दऱ्या' लिहिलं, टप्पे फारसी सूफी कवी अत्तारच्या काव्यातले. मात्र मठात कोंडून घेणं त्यांनी मोडीत काढलं. म्हणून 'साधना' चालेल, 'संन्यास' नाही.

जातं
तुम्ही लोक याला 'गूढवाद' म्हणता का? मला तर अमावस्या आणि लिंबू आठवतं.

मोडीवाचक
गूढकथांनी त्या शब्दाची वाट लावली. बहाउल्लाहांचे पणतू आणि पुढे बहाईंचे धर्मप्रमुख झालेले शोगी एफेंदी यांच्या वतीने लिहिलेल्या १९३५ च्या एका पत्रात धर्माचा गाभा म्हणजे माणसाला देवाशी जोडणारी भावना, अशा अर्थाचं वाक्य आहे. तिथे भावनेला लावलेलं 'मिस्टिक' हे विशेषण 'गूढ' करून टाकलं तर वाचणारा घाबरेल. मी 'ओढ' लिहीन. वारकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

टेबललँड
शब्दांचाच विषय आहे तर 'एकोणीस दिवसीय सहभोज' कोणी घडवला? एकाला आमंत्रण दिलं तर म्हणाला, "एकोणीस दिवस जेवण? रजा कशी मिळणार?" सात दिवसीय शिबिर सात दिवस चालतं, मग त्याचं काय चुकलं? बहाई वर्षात १९ दिवसांचे १९ महिने, महिन्यातून एकदा जमायचं, एवढाच अर्थ. मूळ शब्द 'ज़ियाफ़त', पाहुणचार. आधी प्रार्थना, मग विचारविनिमय, मग खाणंपिणं.

निळी शाई
कागदावर तसा. मी ज्यात वाढले तिथे प्रार्थना दहा मिनिटांत उरकायची आणि अहवाल तासभर. 'उरकणे' हा फार अचूक शब्द आहे आपल्याकडे. धुणं उरकतात, लग्न उरकतात. अकदसमध्ये याच्या बरोब्बर उलट सांगितलंय : कंटाळून सगळे ग्रंथ वाचण्यापेक्षा आनंदाने एकच ओळ वाचलेली बरी. तिथे मी 'रमणे' लिहीन.

जातं
निमंत्रणाचं काय झालं शेवटी?

निळी शाई
टाकलं. 'गुरुवारी आमच्याकडे थोडा वेळ स्मरण आणि हितगुज. कोणी गेलेलं नाही.' काकूंचं उत्तर आलंय : "येते. पण डोक्यावर पदर घ्यायचा का, आणि चहाआधी की नंतर?"