प्रोसेसर बदलतोय, विंडोज परत टाकायची नाहीये. एफटीपीएमला वाय दाबू की एन?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. (एफटीपीएम म्हणजे एन्क्रिप्शनच्या चाव्या ठेवणारा सुरक्षेचा भाग.) जरा लांबण लागलीये पण कृपया पूर्ण वाचा.

पीसी मी स्वतः जोडलेला आहे. रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम. त्याच बोर्डावर आता रायझन ७ ५७००एक्स बसवायचाय. सॉकेट तोच एएम४, दोन्ही ६५ वॉटचे, म्हणजे पॉवर सप्लायला हात लावायची गरज नाही. व्हिडिओ रेंडरला लावला की २६०० वर दुसरं काहीच करता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

विंडोज नव्याने का नको, तर गेल्या वर्षी ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकली तेव्हा एडिटिंगची सगळी प्लगिन्स आणि त्यांची लायसन्स परत बसवण्यात माझे आठ दिवस गेले, आणि त्यातल्या दोघांचे इन्स्टॉलर आता कुठेच मिळत नाहीत.

५००० सिरीज ओळखायला बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) आधी जुन्या प्रोसेसरवरच अपडेट करावा लागतो, तो काल रात्री केला. पेनड्राइव्ह फॅट३२ करून फाइल टाकली, अपडेट व्यवस्थित झालं, आणि रीस्टार्ट झाल्यावर समोर निळा स्क्रीन, बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) रिकव्हरी की द्या म्हणून! मी एन्क्रिप्शन कधी चालूच केलं नव्हतं. नंतर कळलं की २४एच२ कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. की त्याच अकाउंटवर सापडली, मोबाईलवर बघून ४८ आकडे टाइप केले, सहा-सहाचे आठ गट, दुसऱ्या गटात एक आकडा चुकला तेव्हा हात थरथरत होते. उघडलं एकदाचं. रॅमचा वेग तेवढा २१३३ वर आला होता, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग) चालू करून परत ३२०० केला.

आता खरी भीती पुढे आहे. चाव्या एफटीपीएममध्ये असतात आणि एफटीपीएम प्रोसेसरमध्येच, त्यामुळे नवा बसवल्यावर बोर्ड विचारणार की एफटीपीएम रीसेट करू का, वाय की एन. वाय म्हटलं तर जुन्या चाव्या गेल्या, एन म्हटलं तर नव्या प्रोसेसरवर एफटीपीएम बंद राहणार, पण जुना परत लावला तर त्या मिळू शकतात, असं मी समजलोय. माझी होम एडिशन आहे, म्हणून सेटिंगमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्ण बंद करायचं, डिक्रिप्ट संपेपर्यंत थांबायचं, पिन काढून पासवर्डने लॉगिन होतंय का बघायचं, आणि मग प्रोसेसर बदलून सरळ वाय दाबायचं, असं ठरवलंय. ह्यात काही सुटतंय का? अ‍ॅक्टिव्हेशनची काळजी नाही, बोर्ड तोच आहे.

दुसरं, कूलर. दोन वर्षांपूर्वी कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट बदलताना कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर लावलेली असूनही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून बाहेर आला. कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या, पातळ कार्डाच्या कडेने एकेक सरळ केली. ह्या वेळी आधी १५ मिनिटं रेंडर लावून गरम करणार, मग बंद करून वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हळू फिरवत सोडवणार. पेस्ट अगदी सुकली असेल तर एवढ्याने सुटते का?

ज्यांनी स्वतः २००० वरून ५००० केलंय त्यांनी प्लीज सांगा, एन्क्रिप्शन बंद केलेलं असताना वाय दाबल्यावर विंडोज पहिल्याच बूटला आली का? शनिवारी सकाळी उघडणार आहे, तोपर्यंत डेटाची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर करून ठेवतोय.