वात लावणं म्हणजे आळशीपणा? व्हायोलेट कुजतात ते वातीमुळे नाही

निळाई
परवाच्या ‘कुंडीतलं मन’ यांच्या पोस्टला तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होते, पण ते दोन ओळींत मावत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आफ्रिकन व्हायोलेटला (घरात कुंडीत वाढणारं, लवदार पानांचं छोटं फुलझाड) वात लावून, म्हणजे कुंडीच्या तळातून एक दोरा खालच्या पाण्याच्या डब्यात सोडून, पाणी देणं हा आळशी लोकांचा मार्ग आहे, मुळं चोवीस तास ओली राहतात, रोप आज ना उद्या कुजतंच, आणि ज्याला रोज कुंडीत बोट घालून बघायला वेळ नाही त्याने व्हायोलेट आणूच नये.

‘आळशी’ हा शब्द मला लागला. ९ वर्षं झाली मला व्हायोलेट सांभाळताना. आज ४० कुंड्या आहेत, त्यातल्या ३४ वातीवर. दर आठवड्याला प्रत्येक कुंडी हातात घेते, पानांचा घेर एका बाजूला झुकू नये म्हणून पाव वळसा फिरवते, खालची म्हातारी पानं काढते, फुटवे खुडते. पाणी घालण्यातला जो वेळ वाचतो तो रोप नीट बघण्यात जातो.

आता कुजण्याचं. वात म्हणजे नळ नव्हे. कुंडीत मातीऐवजी भरलेलं मिश्रण सुकत जाईल तसं वातीतून पाणी वर ओढलं जातं. पण मिश्रणच इतकं गच्च असेल की त्यातली सगळी पोकळी पाण्याने भरते, तर मुळं गुदमरणारच. व्हायोलेटची मुळं केसासारखी बारीक असतात, त्यांना ओल लागते तितकीच हवाही लागते. म्हणून वातीवरच्या कुंडीत निम्मं परलाइट (हवा खेळती ठेवणारे हलके पांढरे खडे) हवंच. उरलेल्या निम्म्यात पीट (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा) किंवा धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज). बागेतली माती चमचाभरही नको.

वात नायलॉनची किंवा अ‍ॅक्रिलिक लोकरीचा एक पदर. सुती दोरा सतत ओला राहून कुजतो आणि ऐन वेळी तुटतो. वात आधी भिजवायची, कुंडीलाही पहिल्यांदा वरून भरपूर पाणी द्यायचं, तरच ओढ सुरू होते. आणि कुंडीचा तळ पाण्याच्या वर राहिला पाहिजे. तळ पाण्यात बुडाला तर ती वात राहिलीच नाही, ते डबकं झालं.

कुंडीतलं मन
माझं नाव घेऊन धागा काढलात म्हणून लिहितो, नाहीतर त्या विषयावर मला पुन्हा बोलायचं नव्हतं.

माझ्याकडे १४ रोपं होती. वात लावली आणि तीन महिन्यांत त्यातली ११ गेली. तुम्ही मिश्रणाच्या गोष्टी सांगता, मी ती रोपं स्वतःच्या हाताने उपटली आहेत. कुंडी उलटी केली की अख्खा गोळा चिखलासारखा हातात यायचा. मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटायची आणि आत फक्त एक तपकिरी दोरा उरायचा. वास तर सांगायलाच नको. त्यातली दोन रोपं माझ्या आईने एकेका पानापासून वाढवलेली होती. ती आता नाही. त्यामुळे ‘वात बिचारी निर्दोष’ हे मला कोणी पटवायला येऊ नये.

आणि निसर्गाचं बघा. हे झाड मूळचं उसांबारा डोंगरातलं, आजच्या टांझानियात. तिथे ते सावलीतल्या खडकांच्या फटीत वाढतं, पाणी आलं की वाहून जातं. त्याच्या पायाखाली पाण्याचा डबा कोणी ठेवलेला नसतो.

निळाई
तुमच्या आईच्या रोपांचं वाचून खरंच वाईट वाटलं. तरी विचारते, राग मानू नका: मिश्रण काय होतं?

आणि त्या खडकांचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्या फटींत शेवाळ असतं, वरून झिरपणाऱ्या पाण्याने ते कायम दमट राहतं, पण थर पातळ आणि हवेशीर असतो. सतत ओल आणि सतत हवा, दोन्ही एकदम. चांगल्या मिश्रणात वात नेमकं तेच करते.

कुंडीतलं मन
निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत, थोडी बागेतली माती. याच मिश्रणात तीच रोपं आधी ४ वर्षं वरून पाणी घालून उत्तम फुलत होती. बदल फक्त एकच झाला, वात आली. मग दोष कोणाचा?

मातीचे हात
कोकोपीटचं कोणी बोलतच नाही म्हणून मध्ये घुसतो. विटेच्या रूपात येणारं कोकोपीट पुष्कळदा खारट असतं, कारण काथ्या सोडवताना सोडणं खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतात. एकदा भिजवून पिळून कुंडीत भरलं की झालं, असं लोकांना वाटतं. मी तीन-चार पाण्यांतून धुतो, पाण्याला रंग यायचा थांबेपर्यंत. यावर मी इतक्यांदा लिहिलंय आणि इतक्यांदा ते वाचलं गेलं नाही, की आता मला त्याचा राग येतो. निम्मी माणसं वातीला शिव्या देतात आणि रोप खारवून मारतात.

पावसाळी
मूळ पोस्टमधली एक गोष्ट मात्र शंभर टक्के बरोबर आहे, ती म्हणजे हाताने काळजीपूर्वक पाणी देणं. पण वरून नव्हे! बशीत पाणी ठेवायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून द्यायचं. वरून पाणी घातलं की पानावर थेंब पडतो, आणि व्हायोलेटच्या पानावर थेंब पडला की डाग पडलाच. ही लव असलेली पानं आहेत, त्यांना पाणी लावायचंच नसतं.

मखमल
‘पाणी लावायचंच नसतं’ हे चूक आहे आणि या एका वाक्यापायी लोक वर्षानुवर्षं धुळीने माखलेली रोपं ठेवतात. मी दर महिन्याला माझी सगळी रोपं नळाखाली धरते. कोमट पाणी, हलकी धार, गाभ्यात साचलेलं पाणी कागदाने टिपून घ्यायचं आणि पानं वाळेपर्यंत उन्हापासून लांब ठेवायचं. एकही डाग नाही. धूळ गेली की पान पुन्हा उजेड घेतं.

डाग पाण्याने पडत नाहीत, थंड पाण्याने पडतात. पाणी पानापेक्षा बरंच थंड असलं, म्हणजे साधारण ८-१० अंशांचा फरक पडला, की पानाच्या वरच्या सालीखालच्या हिरव्या पेशी एकदम कोलमडतात. तिथला हिरवेपणा जातो आणि पिवळट-पांढऱ्या रेघा, वर्तुळं उमटतात. ती पुन्हा कधीच हिरवी होत नाहीत.

पावसाळी
तुम्ही सांगता तितकं सोपं नाही ते. माझ्या मावशीचं रोप होतं, जांभळं, दुहेरी पाकळ्यांचं. घरी आलेल्या एका पाहुणीने हौसेने पानांवर पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पानांवर वर्तुळं! मावशी त्या दिवशी जेवली नव्हती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मखमल
पाणी किती थंड होतं, रोप उन्हात होतं का, हे तुम्हाला आठवतंय?

पावसाळी
मी तेव्हा १० वर्षांची होते. थर्मामीटर घेऊन उभी नव्हते. पण रोप खिडकीत होतं आणि पाणी माठातलं होतं.

मखमल
म्हणजे थंडच! उन्हात तापलेलं पान आणि माठातलं पाणी. तुमची गोष्ट माझंच म्हणणं सिद्ध करते. तरीही तुम्ही नवख्या लोकांना ‘पाणी लावूच नका’ सांगता, हे मला मान्य नाही. धुळीखाली कोळी किडे वाढतात, तेव्हा हेच लोक फवारणी काय करू म्हणून विचारत येतात.

पावसाळी
आवाज चढवायची गरज नाही. नवख्याला ‘धुऊ नका’ सांगितलं तर फार तर धूळ राहील. ‘धुवा’ सांगितलं तर तो थंड नळाखाली धरेल, गाभ्यात पाणी साचू देईल आणि रोप गमावेल. मी मऊ ब्रशने धूळ झटकते, देठाकडून टोकाकडे. ३० वर्षं तेच करते आहे.

सावलीतला
धागा वातीचा आहे हो! आणि व्हायोलेटला सेंटपॉलिया म्हणणाऱ्यांसाठीही एक सांगतो. १८९२ मध्ये वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांना हे रोप सापडलं, १८९३ मध्ये हर्मन वेंडलँड यांनी त्यांच्या नावावरून सेंटपॉलिया हे नाव दिलं. पण २०१५ पासून ही सगळी रोपं स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत गेली आहेत. जुनं नाव वापरलेलं मला खटकतं.

मातीचे हात
नावाने रोपाची मुळं सुधारत नाहीत. राहू द्या ते.

जुनी कुंडी
मी वातीवरच वाढवतो, तरी निळाईताईंनी एक मोठी गोष्ट गाळली आहे आणि ती त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. वातीने पाणी फक्त वर जातं, खाली कधी येत नाही. वर गेलेलं पाणी उडून जातं आणि त्यातला क्षार, खत, सगळं कुंडीच्या वरच्या बोटभर थरात साठतं. काही महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरा-पिवळा खरखरीत थर चढतो. ज्या पानाचा देठ त्या काठावर टेकतो तो तिथेच भाजल्यासारखा तपकिरी होतो, मऊ पडतो आणि पान लोंबतं. बघणाऱ्याला वाटतं, रोप कुजलं. प्रत्यक्षात ते खताने जळलेलं असतं.

गाभ्यातली नवी पानं आखूड, कडक आणि एकमेकांत दाटलेली दिसायला लागली, त्यांच्या लवेवर गंजासारखे कण दिसले, की समजायचं खत जास्त झालं. उपाय एकच: डब्यातल्या पाण्यात खत पाव मात्रेनेच घालायचं आणि दर दोन महिन्यांनी वरून साधं कोमट पाणी इतकं घालायचं की तळातून वाहून जाईल. वात लावणारे हे विसरतात. विसरण्यासाठीच तर ते वात लावतात, असं मला अनेकदा दिसलं आहे, आणि इथे ‘कुंडीतलं मन’ यांच्या बोलण्यात तथ्य आहे.

निळाई
गाळली, हे खरं. मान्य करते, जड जातंय तरी करते. दुसऱ्या वर्षी माझी ६ रोपं अशीच गेली. मी महिनाभर बुरशी समजून औषध घालत बसले आणि काठावरचा थर रोज डोळ्यांसमोर होता. आता दर दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या कुंड्या मोरीत नेऊन वरून पाणी देते. हे आधीच लिहायला हवं होतं.

पण ‘विसरण्यासाठी वात लावतात’ हे मला लागू करू नका.

रिकामा स्टँड
माझ्याकडून अजून एक. मी २० कुंड्यांच्या वाती एकाच मोठ्या ट्रेमध्ये सोडल्या होत्या. एका नव्या रोपाच्या मुळांत पिठ्या ढेकूण होता, मातीतला, वरून दिसत नाही. कुंडी काढून बघितली तेव्हा मुळांवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके. तोवर सगळ्या ट्रेभर पसरला होता. एकही रोप वाचवू शकलो नाही. वात वापरा, पण प्रत्येक कुंडीला स्वतःचा डबा द्या. आणि डबा पारदर्शक नको, उजेडाने शेवाळ धरतं.

कुंडीतलं मन
सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

मिश्रण जड होतं, हे आता नाकारत नाही. वरून पाणी घालायचो तेव्हा मधे तीन-चार दिवस ते सुकायचं, म्हणून निभावलं. वातीने तो सुकण्याचा काळच काढून घेतला. म्हणजे तुमचंही बरोबर आणि माझंही. वातीने मारलं नाही असं मी अजूनही म्हणणार नाही. त्या मातीत तिनेच मारलं. मात्र ‘आळशी’ हा शब्द मागे घेतो. तो रागात लिहिला होता.

३ रोपं उरली आहेत, त्यातलं एक आईचं. त्याला वात लागणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. दुसरं एक निम्म्या परलाइटच्या मिश्रणात घालून वातीवर ठेवतो. कुंडी केवढी घेऊ?

निळाई
पानांच्या घेराच्या एक तृतीयांश. घेर ९ इंच असेल तर ३ इंचांची कुंडी. तुम्हाला ती फार लहान वाटेल, तरी मोठी घेऊ नका. मुळं पोहोचत नाहीत ते मिश्रण ओलंच राहतं.

लोकरीचा एकच पदर घ्या, वरचं टोक कुंडीच्या मध्यापर्यंत. गाभा मिश्रणाच्या वर राहू द्या. पहिले १५ दिवस रोज कुंडी उचलून वजन बघा. हलकी लागली तर ओढ तुटली आहे, कारण मिश्रण पूर्ण सुकलं की वात आपोआप पुन्हा चालू होत नाही. वरून एकदा पाणी घातलं की परत ओढायला लागते. जड आणि थंडगार लागली तर परलाइट कमी पडलंय.

आईच्या रोपाचं एक पान मात्र वेगळं लावून ठेवा. देठ बोटभर ठेवा, तिरका कापा. मूळ रोपाला काही झालं तर हाताशी असेल.

कुंडीतलं मन
पान आज लावतो. वातीवरच्या रोपाचं मूळ तीन महिन्यांनी काढून इथेच दाखवीन, पांढरं असो की तपकिरी.

पावसाळी
आणि वरून पाणी घालताना चोचीची झारी वापरा, पानं उचलून धरा. पानांवर थेंब नको.

मखमल
कोमट असेल तर पडू दे.