नोंदी लिहायचा कंटाळा आहे का?

"लोकांना मदत करायची आवड आहे, समाजकार्यात पदवी घेऊ का?" या प्रश्नाला वर बहुतेकांनी "बिनधास्त घ्या" म्हटलंय. नुसती आवड पुरत नाही, एवढं जोडतो.

प्रवेशाआधी दोन-तीन महिने एखाद्या संस्थेत जाऊन बघा. कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे (तेव्हा सगळंच छान दिसतं), तर फॉर्म, गृहभेटी, पाठपुरावा चालतो त्या रटाळ दिवशी. एका व्यक्तीसोबत, गटासोबत की वस्तीसोबत काम करणं जमतं, तेही तिथंच कळतं.

शिकताना सगळ्यात जास्त जोर क्षेत्रकार्यावर (म्हणजे संस्थेत, वस्तीत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामावर) द्या. भेटीची नोंद त्याच दिवशी लिहा: काय दिसलं, समोरची व्यक्ती तिच्या शब्दांत काय म्हणाली, तुमचा अंदाज काय, पुढचं काम कोण कधीपर्यंत करणार. नवखे लोक अंदाजच निरीक्षण म्हणून लिहितात. 'आई बेफिकीर आहे' हे मत झालं. 'अकरा वाजता मूल उपाशी होतं, आई कामावर गेली होती' हे निरीक्षण. केस (त्या कुटुंबाचं प्रकरण) दुसऱ्या कार्यकर्त्याकडे गेली की ते मत त्या बाईला चिकटून राहतं.

मदत मागायला आलेल्याला "तुमचं काम करून देतो" असं कधीच म्हणू नका. मदतीची मंजुरी आपल्या हातात नसते, आणि शब्द मोडला की विश्वास गेला.

वरच्या पदासाठी अंदाजपत्रक, प्रस्ताव आणि अहवाल लिहिता यायला हवेत. नोकरीच्या मुलाखतीत मात्र तुम्हीही विचारा: एका कार्यकर्त्याकडे किती केसेस? सुपरव्हिजन (कामावर देखरेख आणि मार्गदर्शन) कोण देतं, किती दिवसांनी? उत्तर गुळमुळीत आलं, तर पगार बरा असला तरी लगेच हो म्हणू नका.